ताडोब्याला न गेलेल्या बारा मुली

आमच्या शाळेची सहल म्हणजे विजापूरचा गोलघुमट. एखाद्या वर्षी कुणाला फारच उत्साह आला तर नळदुर्गचा किल्ला आणि येताना तुळजापूर. मी विद्यार्थिनी म्हणून त्या घुमटाखाली ओरडले होते आणि शिक्षिका झाल्यावरही ओरडले. घुमटाने दोन्ही वेळा तेच उत्तर दिलं. सोलापुरातल्या मुलींनी जग किती बघायचं हे कुणीतरी फार पूर्वी ठरवून टाकलं होतं, आणि ते एका दिवसात, दिवेलागणीच्या आत बघून होत असे.

सत्तरच्या दशकातली मधली वर्षं. मी पूर्व भागातल्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते. माझ्या घरी कन्नड, शाळेत मराठी, आणि वर्गातल्या मुली आपसात तेलुगू. जवळजवळ सगळ्या विणकरांच्या घरातल्या. सकाळी उठून मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या, मग शाळेत यायचं. त्यांच्या वेण्यांना कापसाची बारीक पिसं चिकटलेली असत आणि मागांची खडखड वर्गाच्या खिडकीतून दिवसभर आत येई. त्या खडखडीवर आवाज चढवून मी त्यांना पृथ्वीवरची अरण्यं शिकवत असे.

अरण्य मी स्वतः पाहिलेलं नव्हतं. आमच्याकडे झाड म्हणजे कडुलिंब नाहीतर बाभूळ, आणि एका झाडाची सावली दुसरीला कधी भेटत नाही. बहात्तरच्या दुष्काळात तर होती तीही झाडं लोकांनी जनावरांसाठी ओरबाडून नेली. तरी मी पुस्तकातलं वाचून 'घनदाट' हा शब्द ठसक्यात म्हणत असे. एक दिवस नववीच्या वर्गात शेवटच्या बाकावरची एक उंच मुलगी उभी राहिली. रंगाऱ्याची मुलगी. तिच्या नखांत नेहमी कुठला ना कुठला रंग असे, त्या दिवशी जांभळा होता. ती म्हणाली, "बाई, झाडं इतकी जवळजवळ असली तर दिवसा खाली काय दिसतं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की मला ठाऊक नाही. मी म्हटलं, जाऊनच बघायला पाहिजे. वर्गात हशा झाला. ती मात्र हसली नाही. तास संपल्यावर माझ्यामागून आली आणि कधी जायचं असं विचारू लागली.

पुस्तकात ताडोब्यावर एक ओळ होती. महाराष्ट्रातलं राष्ट्रीय उद्यान, चंद्रपूर जिल्हा, वाघ, बिबटे, तळं. त्या ओळीला धरून मी कामाला लागले. मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना विचारलं, त्या "बघू" म्हणाल्या. आमच्या शाळेत 'बघू' म्हणजे होकार आणि पुढे काही बिघडलं तर नकार. मी होकार समजले. वनखात्याला पत्र घातलं. दिवाळीनंतर परवानगी आली, संक्रांतीला भरणारी गड्ड्याची यात्रा उरकल्यावरच्या आठवड्यातली. विश्रामगृहाच्या दोन खोल्या मिळणार होत्या, शिधा, रॉकेल आणि अंथरुणं आपली आणायची. बारा मुली आणि मी.

रेल्वेचं वेळापत्रक घेऊन मी संध्याकाळच्या संध्याकाळ बसले. सोलापूरहून वाडी, वाडीहून सिकंदराबाद, मग काझीपेठ, तिथून वर बल्लारशा आणि चंद्रपूर. पुढे एसटी आणि मिळेल ती बैलगाडी. महाराष्ट्रातून महाराष्ट्रात जायला आंध्र ओलांडायचा. घरी वडिलांनी नकाशा बघून कपाळाला हात लावला आणि काशी याहून सोपी आहे म्हणाले.

जंगलात बोलायचं नाही, हे मुलींना कसं शिकवायचं याची मला धास्ती होती. मागाच्या घरातली माणसं मोठ्यानेच बोलतात, दुसरा इलाजच नसतो. पण झालं उलटंच. मी मैदानात त्यांना म्हटलं की या टोकापासून त्या टोकापर्यंत गप्प चालत जायचं, तर त्या गेल्या, आणि जाताना एकमेकींशी भरपूर बोलल्याही, नुसत्या ओठांनी आणि बोटांनी. माग चालू असताना त्यांच्या घरात असंच बोलतात. आई त्या खोलीतून नुसते ओठ हलवते आणि मुलगी या खोलीतून भाताला आधण ठेवते. ताडोब्यातल्या हरणांना कळलंही नसतं की सोलापूर आलंय. मला इतका आनंद झाला की मीसुद्धा ते शिकायला बसले, आणि माझे ओठ बघून त्या हसून हसून लोळल्या.

राहिले होते आईबाप. मुलगी आठवडाभर नाही म्हणजे कांड्या कोण भरणार, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न कुणी बोलून दाखवत नसे, पण तोच मोठा होता. मी घरोघर गेले. चार ठिकाणी चहा मिळाला आणि नकार मिळाला. शेवटी रंगाऱ्याकडे गेले.

त्याच्या अंगणात सूत रंगवायचे हौद होते आणि दोऱ्यांवर ओल्या लडी टांगलेल्या. तो कमी बोलणारा माणूस. गल्लीत त्याच्या शब्दाला वजन होतं, त्यामुळे त्याचा नकार म्हणजे बाराही जणींचा नकार. मी गाडीचा रस्ता सांगायला लागले. तो ऐकत होता न होता. काझीपेठचं नाव आलं तसा त्याने हातातला बांबू खाली ठेवला. त्याची धाकटी बहीण अगदी लहान वयात काझीपेठेजवळच दिली होती. त्यांचं मूळ गावही तिकडचंच, आजोबा तिथूनच सोलापुरात आलेले. मुलीने आत्याला लहानपणी एकदाच पाहिलं होतं. गाडी काझीपेठला थांबते का, किती वेळ थांबते, डब्यापर्यंत माणूस येऊ शकतं का, असं सगळं त्याने विचारलं. मग म्हणाला, "मे महिन्यात हिचं लगीन हाय बाई. एकदा सासरी गेल्यावर कोण सोडतंय? बगून येऊ दे की."

मुलगी दाराआड उभी होती. तिने ओठांनी आईला काहीतरी सांगितलं आणि आईने पदर तोंडाला लावला. दुसऱ्या दिवशी गल्लीतले बाकीचे सगळे 'व्हय' म्हणाले.

निघताना त्याने विचारलं होतं की कपडे कसले घालायचे. मी सांगितलं, संस्थेचा नियम आहे, सहलीला गणवेशच लागतो. आणि बोलण्याच्या ओघात हेही सांगितलं की जंगलात पांढरं चालत नाही, जनावर लांबूनच बुजतं, म्हणून वरून काहीतरी गडद पांघरायला द्या. वरून पांघरायचं ते त्याच्या कानापर्यंत गेलं नाही. गणवेश पाहिजे आणि पांढरा चालत नाही, एवढंच त्याने ऐकलं. रंगाऱ्याच्या डोक्यात याचा एकच अर्थ होतो.

गड्ड्याच्या सुट्टीत बारा घरांतून बारा गणवेश त्याच्या अंगणात गेले. पांढरे ब्लाउज आणि निळे स्कर्ट, बहुतेकींचे एकुलते एक. त्याने ते चादरीच्या सुतासाठी वापरतात त्या पक्क्या रंगात घातले. म्हणे दोनदा त्याचं मन भरलं नाही, पुन्हा बुडवले. सगळ्या कपड्यांचा एकच मातकट हिरवा रंग झाला, वाळत आलेल्या करडईच्या पानासारखा. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी यात्रेच्या गर्दीत मुलींसाठी शिट्ट्या विकत घेत होते, हरवल्या तर वाजवायला म्हणून.

त्याच सुट्टीत आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनी बैठक घेतली.

शाळा उघडली त्या सकाळी घंटेआधीच मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, टेबलावरची काच पुसत होत्या. अध्यक्षांचं म्हणणं पडलं की लग्नाच्या वयाच्या मुली जंगलात न्यायच्या, उद्या काही झालं तर संस्थेचं नाव जाईल. नाव मुलींचं जाईल असं नाही, संस्थेचं. बरं, मिळालेली जागा वाया घालवणंही बरं नाही. तेव्हा संस्थेच्याच मुलांच्या शाळेतले बारा मुलगे जातील, तिथले एक सर त्यांना नेतील. वेळापत्रक, परवानगी आणि बाकीचे कागद त्यांना द्यायचे. मुलींसाठी गोलघुमट आहेच.

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण नागोबाला निदान कुणी समारंभाने बिळात नेऊन सोडत नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, जंगलात धोका आहे तर मुलग्यांना का पाठवता? वाघ विचारून खातो का? त्या म्हणाल्या, मुलग्यांची गोष्ट वेगळी. काय वेगळी, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आजवर मला कुणी सांगू शकलेलं नाही. कागद मी दिले नाहीत. ते माझ्या कपाटातून काढून नेले गेले.

तेवढ्यात घंटा झाली आणि आम्ही दोघी बाहेर आलो. मैदानात रांगा लागलेल्या, पांढऱ्या आणि निळ्या. त्यांच्यात मधेच ह्या बारा जणी, नखशिखांत मातकट हिरव्या. माना ताठ. ती उंच मुलगी माझ्याकडे बघत होती आणि तिचे ओठ हलले. मला वाचता आले. 'बाई, दिसतोय का आम्ही?'

मला मोठ्याने रडावंसं वाटलं. ते जमेना म्हणून राग आला.

मोठ्या बाईंना मात्र तिथे फक्त शिस्तभंग दिसला. ही शाळा आहे, सर्कस नाही, असं त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या आणि बाराही जणींना घरी जाऊन गणवेशात परत यायला सांगितलं. गणवेश तोच आहे, दुसरा नाही, हे त्यांना माहीत होतं. सगळ्या शाळेला माहीत होतं. मी मैदानातच म्हणाले, "मुलींना नेलं नाहीत. निदान त्यांचे कपडे तरी सोडा." माझा आवाज मागांच्या आवाजाच्या वर गेला असावा, कारण शेजारच्या कारखान्यातली माणसं दाराशी आली. चोर सोडून संन्याशाला फाशी, हे मी लहानपणापासून ऐकत होते. त्या दिवशी ती फाशी उघड्या मैदानात, प्रार्थनेच्या आधी दिलेली पाहिली. मुली दप्तरं घेऊन रांगेनेच गेल्या. मी शिकवलं होतं तशाच, गप्प.

दुपारी रंगारी आला. टोपी हातात, मनगटापर्यंत काळानिळा. मोठ्या बाई म्हणाल्या की झालं ते झालं, आता तो रंग काढून द्या. त्याने मान हलवली. "रंग पक्का हाय बाई. काढाय गेलं तर कापड जाईल, रंग न्हाय जायचा." एवढ्या अपमानातही त्याच्या बोलण्यात मालाचा अभिमान होता, आणि का नसावा? मग तो माझ्याकडे वळला आणि गाडी कधीची, असं विचारलं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ते मी सांगितलं. त्याने टोपी डोक्यावर घातली. म्हणाला, "बहिणीला कार्ड घातलंय की मी." दुसरं कार्ड घालतो म्हणून तो तसाच पोस्टाकडे गेला.

हळूहळू अकरा जणी परत आल्या. कुणाच्या आईने लग्नातलं पांढरं पातळ फाडून ब्लाउज शिवला, कुणी मोठ्या बहिणीचा जुना स्कर्ट आखडून घातला. उंच मुलगी आली नाही. एवीतेवी मे महिन्यात लग्न, दोन-तीन महिन्यांसाठी नवं कापड कशाला, असं घरात ठरलं. मी दोनदा गेले. बापाने माझ्यासाठी खुर्ची टाकली आणि तो लडी पिळायला गेला. पलीकडे माग चालू होता आणि ती कांड्या भरत बसली होती, अंगात तोच हिरवा गणवेश. तिने ओठांनीच मला विचारलं, गेली का ती मुलं? मला ओठांनी उत्तर देणं अजून नीट जमत नसे. मी मोठ्याने "हो" म्हटलं आणि सगळ्या घराने ते ऐकलं.

मुलगे परत आले. त्यांचे सर वेळापत्रक द्यायला आमच्या शिक्षकखोलीत आले, सोबत पेढ्यांचा पुडा. मनुष्य वाईट नव्हता, त्यामुळेच जास्त संताप आला. वाईट माणसाला शिव्या तरी घालता येतात. ते खुर्चीत बसून सविस्तर सांगू लागले. डब्याच्या खिडकीला त्यांनी 'सोलापूर' लिहिलेलं कापड बांधलं होतं. काझीपेठला गाडी थांबली तर एक बाई हातात डब्यांची चळत घेऊन धावत आली. कापड वाचलं, आत डोकावली, तेलुगूत भराभर काहीतरी विचारायला लागली. मध्येच हात खांद्याच्या वर नेऊन एवढी, एवढी असं दाखवायची. कुणाला काही कळेना. शेवटी गाडी हलली तेव्हा तिने डबे खिडकीतून आत दिले. "चिंचेचा भात हो," सर म्हणाले, "आणि कसल्याशा तिळाच्या वड्या. पोरांनी बोटं चाटली. तिकडची माणसं फार अगत्यशील."

मी विचारलं, डबे कुठे आहेत? ते म्हणाले, रिकामे डबे कोण वागवणार, चंद्रपूर स्टेशनवरच कुणाला तरी देऊन टाकले.

मी सांगितलं की ती बाई आपल्या भाचीला शोधत होती. तो भात बारा मुलींसाठी होता. दुसरं कार्ड तिला वेळेत मिळालं नाही. सर ओशाळले, क्षणभर. मग म्हणाले, आधी सांगायचं नाही का, आम्ही तिला समजावलं असतं. म्हणजे पुन्हा चूक माझीच. आणि विषय बदलावा म्हणून त्यांनी वाघाचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्यावर, अगदी समोर. पाणी प्यायला, काठावर बसला, पंजे चाटले. पोरं इतकी ओरडली तरी हलला नाही. शेवटी पोरंच कंटाळली.

वाघावरही मी रागावले. खरं सांगते, त्या दिवशी त्या जनावराचासुद्धा मला तिटकारा आला. त्याला काय घाई होती दर्शन द्यायची? मी पेढ्याचा पुडा सरांच्या हातात परत दिला आणि तासाला निघून गेले. त्या तासाला मी भूगोल शिकवला नाही, मुलींना झोपा म्हटलं.

मे महिन्यात लग्न झालं. मी अक्षता टाकल्या, जेवले आणि कुणाशी न बोलता घरी आले. पुढच्या वर्षी गोलघुमटाच्या सहलीला मी जाणार नाही असं मोठ्या बाईंना सांगितलं. त्यांनी कारण विचारलं नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात ती बाळंतपणाला माहेरी आल्याचं कळलं. गेले. अंगणातले हौद तसेच, लडी तशाच, फक्त त्या दिवशी केशरी. रंगाऱ्याने मला बघताच आत हाक दिली. ती भिंतीला टेकून बसली होती, चेहरा वाळलेला, नखं स्वच्छ. सासरी रंगकाम नव्हतं, शेती होती. मांडीवर मुलगी झोपली होती, आणि ती गुंडाळलेली होती मातकट हिरव्या दुपट्यात. स्कर्ट उसवून, चार पदरी करून शिवलेलं.

बापाने दुपट्याचं टोक उचलून मला दाखवलं. रोज धुतात म्हणाला, रोज, आणि बगा की अजून. खरंच, रंग एवढासाही उतरला नव्हता. तो पुन्हा हौदाकडे गेला. पलीकडे माग सुरू झाला.

त्या आवाजात तिने मला ओठांनी काहीतरी विचारलं. मला कळलं नाही. तिने पुन्हा विचारलं, सावकाश, जसं लहान मुलाला विचारतात. त्यांच्या गल्लीतला एकही मुलगा संस्थेच्या मुलांच्या शाळेत नव्हता, सगळे मागावर होते. लग्नाआधीचे दिवस तिने घरातच काढले. तिला कुणी सांगितलं नसणार.

'बाई, त्या मुलांना वाघ दिसला का?'

या वेळी मला जमलं. मी आवाज न करता, ओठ नीट उघडून सांगितलं, 'नाही. काहीच दिसलं नाही. कुत्रंसुद्धा नाही.'

ती माझ्या ओठांकडे बघत राहिली. मग मुलीच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं आणि मागाच्या आवाजाच्या वर, सगळ्या घराला ऐकू जाईल अशी, मोठ्याने म्हणाली, "बरं झालं."